गोव्यात आंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घर तापवायची वेळ कुणावर येत नाही. ऐन जानेवारीतही पणजीत पहाटेचा पारा २० अंशांच्या आसपास थांबतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या आतल्या भागांत तो आणखी थोडा उतरतो, एवढंच. आपल्याकडे उष्णतेवर खर्च होतो तो न्हाणीत. त्यामुळे 'हीट पंप लावला तर बिल कमी होईल का' असं इथे कुणी विचारलं की बोलणं गरम पाण्याचंच असतं. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरांत हिशेब मोकळेपणानं मांडला आहे, कारण हे यंत्र चांगलं असलं तरी प्रत्येक घराला परवडतंच असं नाही.

हीट पंप म्हणजे नेमकं काय?

तुमच्या घरातला फ्रीज हेच काम करतो. तो आतल्या भाजी-दुधातली उष्णता काढून मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो आणि टाकीतल्या पाण्याला देतो. आतल्या नळ्यांत गॅस फिरत असतो. पंख्यासमोरच्या जाळीत तो थंड आणि पातळ, म्हणजे द्रवरूप असतो. तिथे हवेची ऊब घेऊन त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तशी ती चांगलीच तापते. मग ती टाकीभोवतीच्या नळीतून जाताना पाण्याला उष्णता देते, पुन्हा पातळ होते आणि एका बारीक झडपेतून थंड होऊन परत जाळीत येते. कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच ती मांडली होती.

एका युनिटात तीन युनिटांचं काम होतं म्हणतात. हे खरं की विक्रेत्याची बोलाची कढी?

खरं आहे. गिझरची कॉइल विजेची उष्णता करते, म्हणून १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता मिळते, मग गिझर कितीही महागाचा असो. हीट पंपात वीज लागते ती उष्णता इकडून तिकडे वाहून न्यायला. उष्णता स्वतः हवेतून येते, आणि ती फुकट आहे.

आकड्यांत बघू. १ युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. तेवढ्या उष्णतेत १०० लिटर पाणी साधारण ८.६ अंशांनी तापतं. नळाचं पाणी २७ अंश धरलं आणि ते ५५ अंशांवर न्यायचं असेल, तर १०० लिटरला गिझर सव्वातीन युनिटं घेईल. हीट पंपाला त्याच कामासाठी एक-सव्वा युनिट लागेल. या गुणोत्तराला माहितीपत्रकात 'सीओपी' म्हणतात. ३ सीओपी म्हणजे एकास तीन.

गोव्याची हवा या यंत्राला मानवते का?

उत्तम मानवते. हवा जितकी उबदार तितकं कॉम्प्रेसरचं काम हलकं. थंड देशांत हे यंत्र शून्य अंशाच्या हवेतून उष्णता ओढतं, जाळीवर बर्फ धरतो आणि तो वितळवायलाही वीज जाते. आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही. शिवाय आपली दमट हवा इथे कामाला येते. जाळीवर हवेतली वाफ जमून पाणी होताना जास्तीची उष्णता सोडते आणि ती यंत्राला मिळते. जून ते सप्टेंबर सोलर हीटर ढगाखाली गप्प बसतो, तेव्हा हीट पंप नेहमीसारखाच चालतो.

एक मात्र जरूर विचारा. माहितीपत्रकावरचा सीओपी किती अंशांच्या हवेत आणि किती अंशांपर्यंत पाणी तापवून मोजला आहे? पाणी ४५ ऐवजी ६० अंशांवर नेलं की हा आकडा बराच खाली येतो. कुणी नुसताच मोठा आकडा सांगत असेल, तर लगेच विश्वास ठेवू नका.

मग माझं बिल किती कमी होईल?

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर घरागणिक बदलतं.

गोव्यात घरगुती विजेचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, पुढे प्रत्येक टप्प्याला जास्त. त्यामुळे वाचलेली युनिटं नेहमी वरच्या टप्प्यातली असतात. वीज खात्याचं बिल हातात घ्या आणि तुमचा वापर ज्या शेवटच्या टप्प्यात पोचतो त्याचा दर बघा. बचतीचा हिशेब त्या दरानं करायचा, सरासरीनं नव्हे. स्थिर आकार आहे तसाच राहतो.

आता पहिलं घर घेऊ. चार माणसं, बादलीनं आंघोळ. माणशी ३० लिटर कोमट पाणी, म्हणजे ४० अंशांचं. २७ वरून ४० वर न्यायला माणशी ०.४५ युनिट, चौघांचं पावणेदोन-दोन युनिट. टाकीतून हवेत जाणारी उष्णता धरून गिझरचे रोजचे सव्वादोन-अडीच युनिट होतात. हीट पंप हेच काम युनिटभर विजेत करेल. वाचले रोजचे दीड युनिटापेक्षा थोडे कमी, महिन्याला ४० युनिटं. हिशेबापुरता युनिटला ५ रुपये दर धरला तर महिन्याचे २०० रुपये. दोनशे लिटरच्या यंत्राची किंमत लाखाच्या घरात जाते. भागाकार तुम्हीच करा. अशा घरानं हीट पंप घेऊ नये.

दुसरं घर: सहा माणसं, सगळे शॉवरखाली, माणशी ८० लिटर. तीन न्हाण्यांत तीन गिझर. इथे रोजचे आठेक युनिट जातात आणि हीट पंपावर पावणेतीन लागतात. महिन्याला दीडशेच्या वर युनिटं वाचतात, म्हणजे त्याच दरानं ८०० रुपयांच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये गरम पाण्याला कुणी विचारत नाही, म्हणून वर्षाचे ८,००० रुपये धरा. पैसे वसूल व्हायला बारा वर्षं. एवढी वर्षं यंत्र चालतं, पण निगा राखली तरच. इथे निर्णय जेमतेम आहे.

तिसरं ठिकाण: मोरजी किंवा पाळोळ्याकडचं दहा खोल्यांचं गेस्ट हाउस. खोल्या भरलेल्या असताना वीस पाहुणे, माणशी ६० लिटर. गिझरवर रोज २० युनिटं, हीट पंपावर सात. महिन्याला चारशे युनिटं वाचतात, आणि तीही व्यावसायिक दराची. स्वयंपाकघर, भांडी आणि चादरी धुणं हे सगळं गरम पाण्यावर असेल तर बचत आणखी वाढते. इथे हीट पंप न लावणं हे नुकसान आहे. वसतिगृह, नर्सिंग होम, वृद्धाश्रम, पोहण्याचा तलाव असलेलं हॉटेल, सगळ्यांना हेच लागू. डिझेलवर किंवा १९ किलोच्या सिलिंडरवर पाणी तापवणाऱ्यांनी तर हा हिशेब आजच करावा.

म्हणजे घरगुती वापराला तो घ्यायचाच नाही का?

तसं नाही. तीन-चार पिढ्या एकत्र राहतात असं मोठं घर, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस किंवा बाळंतीण, दिवसातून पाच-सहा वेळा ऊन पाणी लागतं, अशा ठिकाणी तो शोभतो. नवीन घर बांधताय आणि नळजोडणी अजून व्हायची आहे, तर जरूर विचार करा, कारण नंतर भिंती फोडून गरम पाण्याची वेगळी पाइपलाइन घालण्याचा खर्च कधीकधी यंत्राच्या बरोबरीला जातो.

आणखी एक फायदा बिलावर दिसत नाही. सकाळी सात वाजता २ किलोवॅटचे तीन गिझर एकदम लागले की ६ किलोवॅटचा भार पडतो. जुन्या वायरिंगचं घर असलं की फ्यूज जातो, दिवे मंदावतात. घरगुती हीट पंप साधारण १ किलोवॅटच्या आत चालतो आणि तोही रात्री किंवा दुपारी, कुणाला पाणी नको असताना. मंजूर भार वाढवून घ्यायची कटकट वाचते.

एवढे पैसे नाहीत. गिझरवरच खर्च कसा कमी करू?

बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी. माझं ठाम मत आहे की गोव्यातल्या निम्म्याहून अधिक घरांचं काम इथेच भागेल.

गिझरचा थर्मोस्टॅट बघा. बसवणारा माणूस तो ७० अंशांवर ठेवून जातो आणि पुढे वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. मग आपण ७० अंशांचं पाणी घेतो आणि त्यात दुपटीहून जास्त गार ओततो. गिझर रोज रिकामा होत असेल आणि टाकी छोटी असेल तर ५०-५५ पुरे. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २७ वरून ५५ अंशांवर पाणी न्यायला पंधरा मिनिटं घेतो. पंधरा मिनिटं, बस्स. सकाळी उठल्याबरोबर बटण दाबून चहा, पेपर, पूजा आटोपून तासाभरानं आंघोळीला जाणाऱ्या घरात टाकी पुन्हा पुन्हा तापत राहते. बटण रात्रभर चालू ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

शॉवर मोजून बघा. खाली बादली ठेवा, शॉवर पूर्ण सोडा, मिनिटभरानं बंद करा. बादलीत बारा-पंधरा लिटर जमले तर शॉवरची तोटी बदला. मिनिटाला सहा-सात लिटर देणारी तोटी काही शे रुपयांत मिळते आणि गरम पाणी सरळ निम्म्यावर येतं. या यादीत याहून स्वस्त आणि याहून जास्त परतावा देणारं दुसरं काही नाही.

गिझरपासून नळापर्यंतचं अंतर बघा. पाऊण इंची पाइपच्या १० मीटर लांबीत तीन लिटर पाणी मावतं. ते आधी गार येतं, मग गरम, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात पडून निवतं. दिवसातून दहा वेळा हात धुवायला गरम नळ सोडणाऱ्या घरात हे तीस लिटर होतात.

आणि गच्चीवरची काळी टाकी विसरू नका. मार्च ते मे दुपारनंतर तिच्यातलं पाणी आंघोळीला पुरेसं तापलेलं असतं. ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवसांत संध्याकाळी आंघोळ करावी आणि गिझरचं बटण बंदच ठेवावं.

सोलर हीटर घ्यावा की हीट पंप?

सपाट गच्ची, दिवसभर ऊन, आजूबाजूला माड नाहीत: सोलर घ्या. तो स्वस्त पडतो आणि ऑक्टोबर ते मे जवळजवळ फुकट चालतो. पावसाळ्यात मात्र टाकीतली विजेची कॉइलच काम करते, म्हणजे चार महिने तो साधा गिझर असतो.

मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर असेल तर भरलेल्या टाकीचं वजन वर चढवणं धोक्याचं. वाश्यांना ते पेलत नाही आणि कौलं फुटून गळती सुरू होते ती वेगळीच. शिवाय काचेच्या नळ्यांवर माडावरून नारळ पडतात, माकडं उड्या मारतात. बागायतीत घर असलेल्यांना हा अनुभव नवा नाही. अशा घरी हीट पंप जमिनीवर, पडवीच्या कडेला उभा करता येतो.

गॅस गिझर स्वस्त पडत नाही का?

चालवायला तो फार महाग नाही. १०० लिटर पाणी २८ अंशांनी तापवायला साधारण पाव ते एक तृतीयांश किलो गॅस लागतो. पण बंद न्हाणीत गॅस गिझर लावू नका, ही विनंती समजा. हवा कमी पडली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला घेरी येते आणि दार उघडायच्या आत तो खाली पडतो. देशात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. लावायचाच असेल तर गिझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत लावा आणि फक्त पाइप आत घ्या.

आमच्या न्हाणीत अजून चुलीवर पाणी तापवायचा तांब्याचा भाण आहे. तो काढून टाकू का?

अजिबात नको. बागायतीतली चुडतं, सोडणं, करवंट्या जळणाला आहेत तोवर त्या पाण्याला खर्च नाही. धुराची मात्र काळजी घ्या. धुराडं साफ असू द्या आणि दम्याच्या माणसाला चुलीपाशी बसवू नका. पावसाळ्यात जळण ओलं असतं, तेवढ्यापुरता छोटा गिझर ठेवलात की झालं.

यंत्र कुठे बसवावं?

जिथे हवा खेळती आहे, पावसाचा झोत थेट लागत नाही आणि झोपायच्या खोलीची भिंत जवळ नाही, तिथे. पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा आवाज खिडकीतल्या एसीसारखा मोठा नसतो, पण पहाटे तीनला शेजाऱ्यांच्या उशाशी तो घुमला तर भांडण ठरलेलं. मागे-पुढे किमान फूटभर जागा मोकळी सोडा. लहान बंद खोलीत यंत्र आपणच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतं आणि सीओपी घसरतो.

ही गार हवा कामी आणता येते. मोठ्या कोठीच्या खोलीत बसवलं तर पावसाळ्यात तिथली दमट हवा कोरडी होते. तांदळाला, पापडाला, लाकडी सामानाला ते बरं.

जाळीखालून पाणी ठिबकतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत चांगलंच ठिबकतं. त्याची नळी थेट मोरीत किंवा झाडाच्या आळ्यात सोडा. खाली डबा ठेवून विसरलात तर चार-पाच दिवसांत त्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसतील. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

किनाऱ्यालगत खारा वारा ॲल्युमिनियमच्या पात्या खातो. सुरुवातीला त्यांच्यावर पांढरी पूड दिसते, मग बोट लावलं की पातीचा तुकडाच हातात येतो. हरमल, कळंगुट, कोलवा अशा पट्ट्यात राहत असाल तर लेप दिलेल्या पात्यांचं यंत्र मागा आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून जाळी गोड्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा. खाणपट्ट्यात हेच काम लाल धुळीसाठी करावं लागतं.

किती लिटरची टाकी लागेल? चतुर्थीला घर भरतं.

टाकी रोजच्या माणसांवरून ठरवा, चतुर्थीवरून नव्हे. हीट पंप सावकाश तापवतो, हे आधी ध्यानात घ्या. घरगुती यंत्राला २०० लिटर पाणी तापवायला तीन-चार तास लागू शकतात. चतुर्थीला मूळ घरी वीस माणसं जमली, किंवा नरकासुर जाळून आल्यावर पहाटे सगळ्यांना एकदम अभ्यंगस्नान हवं झालं, की पहिल्या सात-आठ जणांत टाकी गार होते. त्यासाठी ५०० लिटरचं यंत्र घेऊन वर्षभर रिकाम्या घरासाठी पाणी तापवत बसणं परवडणारं नाही. जुना गिझर काढू नका. सणाला तो जोडीला चालवा, किंवा हीट पंपातली जादा कॉइल त्या दिवसापुरती सुरू करा. आणि ती नंतर आठवणीनं बंद करा. तीच बिल फुगवते.

रोजचा अंदाज: बादलीच्या घरात माणशी २०-२५ लिटर साठा, शॉवरच्या घरात ४०-५०.

पाणी किती अंशांवर ठेवावं?

५० ते ५५. पण एवढ्या मोठ्या टाकीत पाणी कित्येक दिवस कोमट पडून राहिलं तर लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. २० ते ४५ अंश ही त्याची आवडती ऊब. ६० अंशांवर तो लवकर मरतो. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ६० अंशांवर नेण्याची सोय यंत्रात आहे का ते बघा. फुप्फुसं नाजूक असलेली वयस्क माणसं घरात असतील तर हे नेमानं करा.

विहिरीचं पाणी चालेल का?

चालेल, पण आधी तपासून घ्या. चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यामुळे क्षार साचण्याची तक्रार घाटावरच्यापेक्षा कमी. मात्र ते किंचित आम्लधर्मी आणि लोहयुक्त असू शकतं, आणि असं पाणी धातू कुरतडतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेही तितकंच वाईट. टाकीच्या आत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी गंजून जाणं हेच तिचं काम. ती वर्षातून एकदा बाहेर काढून बघायला सांगा. बोटाएवढी जाड कांडी तारेएवढी झाली असेल तर त्याच दिवशी बदला. हे न केल्यामुळे टाक्या पाचव्या वर्षी गळतात आणि लोक दोष यंत्राला देतात.

पावसात वीज येते-जाते. यंत्र बिघडणार नाही?

कॉम्प्रेसरला विजेचे झटके आवडत नाहीत. माडाची झावळी तारांवर पडली की दाब खाली-वर होतो, आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात तर घरातली निम्मी उपकरणं जिवावर उदार होऊन चालतात. वीज परत आल्यावर तीन मिनिटं थांबून सुरू होणारं यंत्र घ्या. जादा भार आला की आपोआप बंद होणारा वेगळा एमसीबी, विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी आणि वादळासाठी सर्ज प्रोटेक्टर लावा. अर्थिंग तपासा. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात सुकली की अर्थिंग कमजोर पडतं, तेव्हा त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे यात कंजूषी करू नये.

मुंग्या आणि पाली हा दुसरा शत्रू. उबेला त्या सर्किटच्या पेटीत शिरतात आणि रिलेत अडकून यंत्र बंद पडतं. वायर जिथून आत जाते ते भोक बुजवून घ्या.

छतावर सोलर पॅनेल आहेत. त्यावर चालेल?

ही जोडी फार छान जमते. गोव्यात १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीनं रोज चारेक युनिटं देतात. हीट पंपाला टायमर लावून सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये चालवा. टाकी चांगली आवरणबंद असते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पाणी गरम राहतं. पॅनेल अजून घेतले नसतील तर फेब्रुवारी २०२४ पासूनच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा जास्त असल्यास ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. हातात लाखभर रुपये असतील आणि हीट पंप की पॅनेल अशी निवड करायची असेल, तर छोट्या घराला मी पॅनेलच सुचवेन.

आतला गॅस पर्यावरणाला वाईट असतो ना?

गळला तर. आर-४१०ए हा गॅस हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारपट जड आहे, आर-३२ साधारण ६७५ पट, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन जवळजवळ नगण्य. भारतानं किगाली करार २०२१ मध्ये मान्य केला आहे आणि २०३२ पासून असे जड गॅस टप्प्याटप्प्यानं कमी व्हायचे आहेत. पर्याय असेल तर आर-३२ किंवा आर-२९० निवडा. आर-२९० ज्वलनशील असल्यानं ते यंत्र उघड्यावरच बसवा.

मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तिथे तो घर उबदार ठेवायला हीट पंप लावतो म्हणतो. हेच यंत्र का ते?

तत्त्व तेच, काम फार मोठं. स्विंडनसारख्या गावात गोमंतकीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हा प्रश्न आता गोव्यात बऱ्याच घरांतून येतो. तिथे यंत्र संपूर्ण घराच्या रेडिएटरांत गरम पाणी फिरवतं आणि हिवाळाभर चालतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जुना बॉयलर काढून हवेवरचा हीट पंप लावणाऱ्याला सरकारी योजनेतून ७,५०० पौंड मिळतात.

पण त्याला सांगा की आधी घरातली ऊब टिकेल असं करून घ्यावं, म्हणजे माळ्यावर जाड आवरण आणि खिडक्या-दारांच्या फटी बंद. उष्णता बाहेर पळत असेल तर कुठलंच यंत्र पुरं पडत नाही. दुसरं, हीट पंप ३५ ते ५० अंशांच्या पाण्यावर काटकसरीनं चालतो. बॉयलरसारखं ६५-७० अंशांचं पाणी मागितलं तर बचत जाते. त्यासाठी काही खोल्यांत मोठे रेडिएटर लावावे लागतात. तिसरं, तो गिझरसारखा चालू-बंद करायचा नसतो. मंद आणि सतत चालू द्यायचा.

हिशेबही त्यानं स्वतः करावा. तिथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटाच्या चौपट महाग असेल आणि त्याचा गॅसचा बॉयलर ९० टक्के कार्यक्षम असेल, तर गॅसशी बरोबरी करायलाच हीट पंपाचा वर्षभराचा सीओपी ३.६ लागतो. चांगल्या रचनेत तो मिळतो, घाईघाईत बसवलेल्या यंत्रात मिळत नाही. घरात तेलावर किंवा साध्या विजेच्या हीटरवर उष्णता असेल, तर मात्र फारसा विचार न करता हीट पंप लावावा.

इथे 'हॉट अँड कोल्ड' एसी घेऊन ठेवावा का?

नको. वर्षातून चार रात्रीही तो गरम हवेवर चालणार नाही. गोधडी पुरते.

पावसात कपडे वाळत नाहीत. हीट पंपाचा ड्रायर येतो तो कसा?

याच तत्त्वावर चालतो आणि साध्या कॉइलच्या ड्रायरच्या जेमतेम निम्म्या विजेत कपडे वाळवतो. लहान बाळाचं घर असेल तर खर्च समजण्यासारखा आहे. एरवी दोरीखाली पंखा सोडा.

आमचं घर पेडण्यात आहे, पण आम्ही मुंबईला राहतो. मे महिन्यात आणि चतुर्थीला येतो. लावू का?

लावू नका. आठ-दहा महिने बंद पडलेल्या यंत्रात पाणी सडतं, कांडी झिजते, पाली घर करतात आणि हमीचा काळ न वापरताच संपतो. तुम्हाला ३ लिटरचा झटपट तापणारा गिझर पुरे. जाताना मेन स्विच बंद करा, गिझरचं पाणी काढून टाका आणि वरच्या टाकीचा कॉक फिरवून जा.